शरदात न ठरवता बाईकवर निघताना: भोर, मांढरदेवी, वाई टापूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र बसलं की हे प्रश्न यायला लागतात आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत येतच राहतात. विचारणारे बहुतेक पुण्याचे, थोडे साताऱ्याचे. सकाळी उठल्यावर वाटलं की गाडी काढावी आणि निघावं, कुठे ते माहीत नाही, पण घर सोडायचंय, अशी प्रत्येकाची तऱ्हा. अशांना मी भोर-मांढरदेवी-वाईचा टापू सुचवते, म्हणून उत्तरंही त्यालाच धरून आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शरद म्हणजे नक्की कधी? निघायला कोणते दिवस चांगले?

पंचांगाने अश्विन आणि कार्तिक, म्हणजे साधारण सप्टेंबर अखेरपासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत. अधिक महिना आला की तारखा पुढे सरकतात. पण हे दोन महिने एकसारखे नसतात. दसऱ्यापर्यंत माळ सोनकीने पिवळे, ओढे वाहते आणि डोक्यावर परतीच्या पावसाची टांगती तलवार. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन, दुपारी बारा ते तीन अक्षरशः भाजून काढणारं. दिवाळी सरली की पहाटे नदीच्या खोऱ्यात धुकं आणि रानात पिवळं पडत चाललेलं गवत.

मला स्वतःला कोजागरी ते दिवाळी हा तुकडा सगळ्यांत आवडतो. भोरकडचं भात पिकायला आलेलं असतं, धरणं काठोकाठ असतात, रस्ता कोरडा असतो. सकाळी सहा-साडेसहाला निघा आणि दुपारचं ऊन एखाद्या देवळाच्या सभामंडपात काढा.

२. काहीच ठरवायचं नाही म्हणजे खरंच काहीच नाही?

एक गोष्ट ठरवा: परत फिरायची वेळ. ठिकाण, रस्ता, जेवण, सगळं मोकळं सोडा, पण तीन वाजले की गाडीचं तोंड घराकडे. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्याच्या आसपास सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरमध्ये सहालाच. उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा हिशेब इथे चालत नाही. वाईहून पुणे नव्वदेक किलोमीटर, म्हणजे थांबत-थांबत अडीच तास. मध्ये एखादं पंक्चर निघालं तर अर्धा-पाऊण तास त्यातच जातो. तीनला फिरलात तर एवढं सगळं होऊनही उजेडात घराजवळ पोचता.

लोक याच्या उलट करतात. ठिकाण पक्कं धरतात आणि वेळ सोडून देतात. मग चार वाजता 'आता एवढं आलोच आहोत तर' असं म्हणून आणखी एक घाट चढतात. अंधाराची सगळी संकटं (प्रश्न ८) तिथून सुरू होतात.

३. पुण्याहून सकाळी निघालो तर रस्ता कसा कसा जातो?

जुन्या कात्रज घाटाने किंवा बोगद्यातून बाहेर पडा आणि बंगळुरू महामार्ग धरा. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही. चेलाडी फाट्याला आत वळलं की नसरापूर, तिथून पुढे बनेश्वर. झाडीतलं शंकराचं देऊळ आहे, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. पुन्हा महामार्गावर या आणि कापूरहोळला उजवीकडे भोरच्या रस्त्याला लागा.

खरी सुरुवात इथे होते. भोरच्या अलीकडे नीरा नदी असं वळण घेते की वरून हारासारखी दिसते. लोक त्याला नेकलेस पॉइंट म्हणतात. फोटोसाठी वळणावरच गाडी लावू नका, एसटी भरधाव येते. भोरमध्ये राजवाडा आहे, नाश्ता होतो, आणि इथेच टाकी भरून घ्यावी, कारण पुढे घाटात पंपाचा भरवसा नाही.

भोरहून आंबाडे, मग आंबाडखिंडीचा घाट चढून मांढरदेवी. घाट अरुंद आहे, वळणं घट्ट आहेत, कुठे रस्त्याचं काम निघालेलं असलं तर खडी पसरलेली असते. वर पोचलं की मागे भोरचं खोरं आणि पुढे कृष्णेचं खोरं, दोन्ही दिसतात. काळूबाईला मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात गर्दी असते. त्या दिवशी देवळापाशी अडकून पडण्यापेक्षा सरळ पुढे उतरा.

उतरलं की वाई. घाटावरचा ढोल्या गणपती बहुतेकांना माहीत असतो. वाईला आहात तर मेणवलीला जाच. नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेवर दगडी घाट आहे आणि तिथल्या लहान देवळात मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर ती इकडे आली असं मानतात. ऑक्टोबरात नदीला पाणी असतं, पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, तेव्हा रायडिंग बूट घालून खालच्या पायरीपर्यंत जाऊ नका. वेळ उरला तर धोम गावातलं नरसिंहाचं देऊळ बघा. तिथे कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी आहे, असा नंदी सहसा बघायला मिळत नाही. मराठी विश्वकोशाचं कामही याच वाईत लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं, गावातून जाताना हे मनात असलेलं बरं.

परत येताना सुरूर फाटा, खंबाटकी, शिरवळ असा हमरस्ता घ्या. खंबाटकी ओलांडल्यावरच्या उतारावर ट्रकच्या मागे चिकटून राहू नका.

हा एक धागा झाला. मध्ये कुठेही तो सोडता येतो, आणि सोडावाच. भाटघर धरणाच्या बाजूला एखादी वाट बरी वाटली, वळा.

४. माझी गाडी शंभर सीसीची आहे. स्कूटर आहे. चालेल का?

चालेल. या रस्त्यावर दूध घालणारे, शिक्षक, तलाठी रोज शंभर सीसीच्या गाड्यांवरून जातात. मोठी गाडी लागते ती महामार्गावर वेग टिकवायला, आणि या फेरीत महामार्ग थोडाच आहे. मागे माणूस आणि सामान असेल तर घाट दुसऱ्या गिअरवर चढेल, एवढंच.

स्कूटरची अडचण चढावर नसून उतारावर येते. गिअरच्या गाडीत दुसऱ्या गिअरवर उतरलं की इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्कूटरमध्ये हा आधार कमी, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि पकड सुटते. म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि मध्ये पाच मिनिटं थांबा. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा विचार कोणत्याच गाडीवर करू नका.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यावर विसंबू नये. घाट आणि महामार्गाचा वेग या दोन्हींत पल्ला चटकन घसरतो. चार्जिंगची सोय कुठे आहे हे निघण्याआधी बघावं लागतं. तुमच्यासाठी ही फेरी तेवढी ठरवूनच करावी लागेल.

५. निघायच्या आधी गाडीचं काय बघायचं? मेकॅनिककडे जायला वेळ नसतो.

दहा मिनिटं पुरतात. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. चेनच्या खालच्या पट्ट्याला मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. मग चाक थोडं फिरवून पुन्हा बघा, असं चार ठिकाणी. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर चेन एकसारखी झिजलेली नाही, त्या दिवशी लांब जाऊ नका. पावसाळाभर चिखल खाल्लेल्या चेनला गंजाची लाली आलेली असते. केरोसीनने पुसा, कोरडी करा आणि तेल द्या.

टायरची हवा चेन कव्हरवरच्या किंवा मागच्या दांड्यावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. मागे माणूस असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. क्लच केबल लिव्हरपाशी जिथे वळते तिथे रबर सरकवून बघा. तारेचा एक जरी धागा सुटलेला दिसला तर केबल आजच बदला. घाटात तुटली तर गाडी ढकलावी लागते.

आणि दसऱ्याचा झेंडूचा हार. पूजा झाली, फोटो झाले की निघताना काढून ठेवा. हँडलला गुंडाळलेला हार हँडल वळवताना केबलमध्ये अडकतो, आणि पुढे लोंबत असेल तर चाकापर्यंत पोचतो. मनाला पटत नसेल तर एक फूल आरशाला लावा.

६. सोबत काय काय घ्यायचं?

पाणी दोन लिटर, पातळ जाकीट, रेनकोट (ऑक्टोबर असला तरी), सुटे पैसे, ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचं किट. हेल्मेट मागच्यालाही लागतं, कायद्यानेही आणि एरवीही. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असतील तर ग्राह्य धरतात, पण फोनची बॅटरी संपली की तीही गेली, म्हणून पॉवर बँक घ्या.

७. रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं असतं. त्यावरून गाडी घालायची की नाही?

घालायची नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं असतं.

ऑक्टोबरात वाई-सातारा भागात सोयाबीन निघतं, भोरकडे दिवाळीच्या मागेपुढे भात कापतात. घरापुढचं अंगण पुरत नाही, आणि डांबर उन्हाने तापलेलं असतं, म्हणून माल रस्त्याच्या कडेला पसरतात. बाजूला दगड मांडलेले असतात, कुठे बाभळीच्या फांद्या. एखादी बाई पायाने धान्य उलटंपालटं करत उन्हात उभी असते. वर्षाचं पीक ते. त्यावरून चाक गेलं की दाणा फुटतो, आणि फुटलेल्या दाण्याला बाजारात भाव कमी मिळतो.

तुमच्यासाठीही ते धोक्याचं आहे. सुटं सोयाबीन म्हणजे चाकाखाली गोट्या. त्यावर ब्रेक लावला की पुढचं चाक निघून जातं. भाताचा पेंढा कोरडा असला तरी निसरडा, आणि दवाने ओला असला तर आणखीच. लांबून रस्त्यावर पिवळा पट्टा दिसला की वेग आधीच कमी करा, मोकळ्या बाजूने सरळ जा, धान्याशेजारी हँडल वळवू नका. समोरून वाहन येत असेल तर थांबून त्याला जाऊ द्या.

कधी कधी पूर्ण रस्ताच भरलेला असतो. रस्त्यावर धान्य घालणं बरोबर नाही हे त्यांनाही माहीत असतं, त्यावर वाद घालून काही साधत नाही. गाडी बंद करून 'मावशी, कुठनं जाऊ?' असं विचारलं की फडा घेऊन लगेच वाट करून देतात. बहुतेक वेळा पाणीही विचारतात.

शेतात झोडणी चाललेली दिसली तर बांधावरून बघायला कोणी हरकत घेत नाही. माणसं भाताच्या पेंड्या उचलून लाकडी फळीवर किंवा पिंपावर आपटतात, दाणे खाली ताडपत्रीवर उडतात आणि पेंढा मागे रचला जातो. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, उभ्या पिकात पाय घालू नका आणि ड्रोन उडवू नका, बैल बुजतात.

८. आणि अंधार पडलाच तर?

तर हमरस्ता गाठा आणि आतला रस्ता सोडा, लांब पडला तरी. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवात होते आणि उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर मोळ्यांनी झाकलेला. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर असताना तुम्हाला ट्रॉली दिसत नाही, ती दिसते तेव्हा तुम्ही तिच्यात घुसलेले असता. अतिशयोक्ती वाटत असेल तर हंगामात फलटण, कराड, भुईंज या बाजूचं कोणीही तुम्हाला हेच सांगेल.

वेग चाळीसच्या आत ठेवा, हेल्मेटची काच स्वच्छ करा, काळी काच असेल तर वर करा आणि साधा चष्मा लावा, कारण दिवेलागणीला उसाच्या कडेने चिलटांचे थवे असतात. थकला असाल तर वाईत किंवा भोरमध्ये राहा. घरी फोन करून 'आज येत नाही' म्हणण्यात काही कमीपणा नाही.

९. परतीच्या पावसाने गाठलं तर काय करायचं?

हा पाऊस दुपारी तीननंतर येतो. सकाळ लख्ख असते, मग उकडतं, ढग उभे चढत जातात आणि तासाभरात विजा सुरू होतात. मांढरदेवीच्या माळावर असताना गडगडाट ऐकू आला तर खाली उतरा. मोटरसायकलवर विजेपासून काहीच संरक्षण नाही, चारचाकीसारखं छत नाही. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. पक्कं घर, शाळेचा व्हरांडा, देवळाचा गाभारा चालेल. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास थांबा.

पहिली दहा-पंधरा मिनिटं रस्ता सगळ्यांत घसरडा असतो, कारण महिनाभराचं तेल आणि धूळ वर येते. साकवावरून किंवा फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नका, गावातली पोरं ओलांडत असली तरी. पाणी दोन तासांत उतरतं.

१०. वाटेत काय खायला मिळतं? हुरडा मिळेल का?

हुरडा नाही. ज्वारीची पेरणीच आत्ता होत असते, हुरडा डिसेंबर-जानेवारीचा. स्ट्रॉबेरीही नोव्हेंबरच्या शेवटी कुठे सुरू होते. या दिवसांत भुईमुगाच्या ओल्या शेंगा, भाजलेली कणसं आणि सीताफळं घ्या. सासवड बाजूचं सीताफळ हातात धरल्यावर थोडं दबलं तर लगेच खा, टणक असेल तर घरी न्या, सॅडलबॅगेत मात्र ठेवू नका. जेवायला पिठलं-भाकरी जिथे विचारून करून देतात तिथे थांबा. करायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ इंजिनही गार होतं.

११. त्याच दिवशी कासचं पठार होईल का?

नाही. कास साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर पुढे आहे, आणि फुलांच्या दिवसांत तिथे आधी नोंदणी करावी लागते. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली त्यात ते आहे, गर्दीवर मर्यादा असणं योग्यच आहे. शिवाय ऑक्टोबरचा पहिला आठवडा गेला की बहर ओसरतो. सोनकी आणि तेरडा तुम्हाला कुठल्याही घाटाच्या कडेला दिसेल.

१२. भोरपर्यंत गेलोच तर वरंधा घाटाने महाडला उतरावं का?

एका दिवसाच्या फेरीत नको. अंतर नकाशात वाटतं त्याहून वेळखाऊ आहे, आणि तीन वाजता (प्रश्न २) तुम्ही घाटाच्या खाली असाल. या घाटात दरडी पडतात, आणि पावसाळ्यात तो वाहतुकीला बंद ठेवण्याचे आदेश निघत आलेले आहेत. पाऊस संपल्यावरही कडे भिजलेले असतात. खरंच जायचं तर भोरमध्ये एसटी स्टँडवर चालकांना विचारा, आणि महाडला मुक्काम धरून निघा.

१३. मॅपने दाखवलेला शॉर्टकट घ्यावा का?

धरणांच्या काठाने जाणारा असेल तर नाही. भाटघर, नीरा-देवघर आणि धोम ऑक्टोबरात भरलेली असतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ज्या वाटा उघड्या पडतात त्या आता पाण्याखाली असतात, पण नकाशात तशाच दिसतात. आत मोबाईलची रेंजही जाते. नकाशा आधी डाउनलोड करा आणि फाट्यावर माणसाला विचारा. 'रस्ता आहे का?' असं न विचारता 'एसटी जाते का?' असं विचारा. एसटी जात असेल तर तुमची गाडी नक्की जाते.

१४. बाई एकटी गेली तर?

मी जाते. घरातल्या एकाला रस्ता आणि परत फिरायची वेळ सांगून, लाइव्ह लोकेशन चालू ठेवून. थांबायचं तर जिथे दोन-चार घरं आहेत, बायका दिसतायत तिथे. स्वच्छतागृहासाठी वाटेतल्या पंपांवर आणि मोठ्या देवस्थानांपाशी थांबावं, पुढचं कधी येईल याची वाट बघू नये. गावात 'एकटीच आलीस का गं?' हा प्रश्न हमखास येतो आणि तो काळजीचाच असतो. निर्मनुष्य व्ह्यू पॉइंटवर घोळक्याने बसलेली टोळी दिसली तर थांबू नका. तिथला देखावा पुढच्या वळणावरूनही दिसतो.

१५. चार वर्षांच्या आतलं मूल सोबत नेता येईल का?

फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाच्या डोक्याला मापाचं हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या वर नको. चालवणाऱ्यासह दोनच माणसं, म्हणजे आई-बाबा-बाळ असं तिघांनी एका गाडीवर नाही. घाट आणि महामार्गाच्या या फेरीला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. नसरापूरपर्यंत बसने या, बनेश्वरला दिवस घालवा.

१६. मित्राची किंवा भाड्याची गाडी घेतली तर काय बघायचं?

लायसन. तुमचं लायसन विनागिअरचं असेल तर गिअरची मोटरसायकल चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. मित्राच्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना, हे निघण्याआधी एमपरिवहनवर नंबर टाकून बघा. भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर ती स्वस्त पडली तरी घेऊ नका.

१७. मुंबईहून येतोय. एक्सप्रेसवेने येता येईल का?

दुचाकीला बंदी आहे. जुन्या महामार्गाने, खोपोली-खंडाळ्यावरून यावं लागतं, आणि मग वाई एका दिवसात होत नाही. मुंबई-ठाण्याच्या लोकांना मुरबाडवरून माळशेज सोयीचा. तिथेही शरदात तेच: सकाळी लवकर, आणि दोनलाच परत, कारण कल्याणच्या अलीकडे गर्दीत तास जातो.

१८. रस्त्यात अपघात दिसला तर थांबावं का? पोलिसांचं लचांड मागे लागतं म्हणतात.

थांबा. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४ अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा किंवा खटला होऊ शकत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान सरळ राहील असं बघा, पाणी पाजू नका. तुमची गाडी मागे पन्नास पावलांवर, दिवे लावून उभी करा, म्हणजे वळणावरून येणाऱ्याला आधी ती दिसेल.

१९. लक्ष्मीपूजन किंवा पाडव्याला गाडी बंद पडली तर गॅरेज उघडं मिळेल का?

दुकान बंद असेल, माणूस सापडेल. फाट्यावरच्या टपरीत विचारा, मेकॅनिकचं घर तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. सणाच्या दिवशी घरी गेलात तर आधी चहा-फराळ होतो, मग हत्यारं निघतात, त्यामुळे तास धरूनच चाला. पैसे विचारून पूर्ण द्या, सणाचं म्हणून वर थोडे द्या. पार्ट लागणार असेल तर मात्र पाडव्यानंतरच मिळतो. गाडी त्याच्या अंगणात लावा, पावती म्हणून गाडीचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि एसटीने घरी या.